लोकांचे सभागृह आणि लोकांचा हिशेब

शाळेत मी थोडेच शिकलो. हिशेब वाचायला शिकलो तो कामगारांच्या पगारपत्रकांवर. त्यामुळे सरकारी इमारत दिसली की मी दोन प्रश्न विचारतो : पैसा कोणाचा, आणि आत जाण्याचा हक्क कोणाचा?

एडिंबरो येथील स्कॉटलंडच्या पार्लमेंटची इमारत पाहा. १९९७ साली सरकारने खर्चाचा अंदाज दिला तो १ ते ४ कोटी पौंडांचा. २००४ साली इमारत पुरी झाली ती तीन वर्षे उशिरा, आणि खर्च गेला ४१ कोटींवर!

असे का व्हावे? ठरल्या किमतीत एकाच कंत्राटदाराला काम न देता त्याचे अनेक तुकडे पाडले, आणि आराखडे पुरे होण्याआधीच बांधकाम सुरू केले. यात वेळ वाचेल अशी आशा असते. पण आराखडा बदलला की वाढीव खर्च मालकाच्या माथी बसतो. येथे मालक म्हणजे करदाता.

लॉर्ड फ्रेझर यांच्या जाहीर चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. सल्लागारांनी धरलेली जोखमीची रक्कम मंत्र्यांपर्यंत पोचलीच नव्हती.

आज त्या सभागृहाच्या गॅलरीत सामान्य माणूस विनामूल्य बसू शकतो. हे चांगलेच आहे. पण हिशेबाची वही त्याच्यापुढे आली ती पैसा खर्च झाल्यावर. इमारतीचे दार बांधून झाल्यावर उघडते. वही मात्र पायाभरणीच्या दिवसापासून उघडी हवी. ती मागणे हे आपले काम आहे.