मोडीचे सोने आणि मंदीचा संसार

मराठीत घर विकतात, जनावर विकतात, पीक विकतात. दागिना मात्र मोडतात. मुदतठेव मोडतात, पॉलिसी मोडतात, शंभराची नोटही मोडतात. साठवलेले, अखंड ठेवलेले काही खर्चासाठी सुटे करायचे असेल तेव्हा हे क्रियापद येते. अर्थशास्त्रात ज्याला रोखता म्हणतात, ती कल्पना या एका शब्दात आहे आणि शिवाय त्यात नुकसानीचा सूरही आहे. दागिना मोडला की घडणावळ बुडते, घट धरली जाते आणि जे हाती येते ते ठेवलेल्यापेक्षा कमी असते.

मंदी आली की वर्तमानपत्रांच्या अर्थपुरवण्यांत सल्ल्यांचा एक ठरलेला संच छापून येतो. अनावश्यक खर्च टाळा, सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी ठेवा, घाबरून शेअर विकू नका, एसआयपी बंद करू नका. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. माझी हरकत वेगळीच आहे. हे सल्ले ज्या घराला उद्देशून लिहिलेले असतात, त्या घराचा पगार चालू आहे असे त्यांत गृहीत धरलेले असते. ज्याचे उत्पन्नच थांबले, त्याच्या बाबतीत बचत, गुंतवणूक आणि खर्च हे तीन वेगळे कप्पे उरत नाहीत. त्याचे काय होते हे पाहायचे तर मोडीच्या सोन्याचा माग काढावा लागतो. त्यासाठी मी दोन मंद्या निवडल्या आहेत, १९३१ची आणि २०२०ची.

१९२९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, हे आपण शाळेत शिकतो. हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याचा त्या बाजाराशी थेट संबंध नव्हता. त्याच्यापर्यंत मंदी आली ती भावांच्या वाटेने. १९२९ ते १९३१ या काळात शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. शेतसारा मात्र रोख रुपयांत ठरलेला होता. सावकाराचे देणेही रुपयांतच होते. शंभर रुपयांचे देणे फेडायला पूर्वी जितकी ज्वारी किंवा कापूस विकावा लागे, त्याच्या दुप्पट आता विकावा लागू लागला. कागदावर कर्ज तेवढेच होते, पण धान्याच्या मापाने ते दुप्पट झाले होते. खर्च कमी करा म्हणावे, तर या घरांत कमी करण्याजोगा खर्च किती होता?

त्यात रुपयाच्या दराचा प्रश्न. हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनुसार १९२७च्या कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. मुंबईचे उद्योगपती पुरुषोत्तमदास ठाकूरदास या आयोगाचे सदस्य होते आणि त्यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली होती. त्यांच्या मते १ शिलिंग ४ पेन्स हा दर योग्य होता. मंदीत हा वाद केवळ पंडिती राहिला नाही, कारण महाग रुपया म्हणजे निर्यात होणाऱ्या शेतमालाला आणखी कमी रुपये.

मग २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णमानक सोडले. पौंडाची सोन्यातली किंमत घसरली आणि पौंडाला बांधलेला रुपयाही त्याच्याबरोबर घसरला. सोन्याचा कायदेशीर दर तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै होता. काही महिन्यांतच बाजारातला भाव तिशीच्या घरात गेला. आता त्या शेतकऱ्याच्या घरात डोकावून पाहा. ज्वारी स्वस्त, कापूस स्वस्त, जमिनीला गिऱ्हाईक नाही. भाव वाढलेली एकच वस्तू घरात होती आणि ती घरातल्या बाईच्या अंगावर होती. शंभर रुपयांचे देणे फेडायला पूर्वी पावणेपाच तोळे सोने लागले असते, आता सव्वातीन तोळ्यांत भागत होते. पाटल्या, गोठ, तोडे, पुतळ्यांच्या माळा गावच्या सोनाराकडून तालुक्याला, तिथून मुंबईच्या झवेरी बाजारात आणि आटून लगडींच्या रूपाने बोटीवर चढल्या. शतकानुशतके सोने ओढून घेणारा म्हणून ओळखला जाणारा हा देश अचानक सोने निर्यात करू लागला. १९३१-३२ या एका वर्षातली निव्वळ निर्यात सुमारे ५८ कोटी रुपयांची होती. दशक संपेपर्यंत हा आकडा तीनशे कोटींच्या पुढे गेला.

सरकारने या निर्यातीवर बंदी घातली नाही, करही लावला नाही. लंडनला सोने हवेच होते. काँग्रेसच्या आणि देशी व्यापाऱ्यांच्या गोटातून याला संकटाचे सोने म्हटले गेले आणि बंदीची मागणी झाली. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा की लोक स्वस्तात घेतलेले सोने महाग झाल्यावर विकून नफा कमावत आहेत, त्यात रडण्यासारखे काय आहे? हा युक्तिवाद वरवर पाहता भक्कम आहे. भाव तर १९३० सालीच कोसळले होते. लोक संकटातच होते, तर तेव्हाच सोने का बाहेर पडले नाही? ते बाहेर पडले भाव वाढल्यावर, म्हणजे ही नफेखोरीच, असे त्यावरून म्हणता येते.

मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण मोडणे आणि गहाण टाकणे यांतल्या फरकात आहे. अडचणीतले घर दागिना आधी मोडत नाही, गहाण टाकते, कारण सोडवून आणण्याची आशा असते. १९३०मध्ये दागिने घरांतून बाहेर पडलेच नव्हते असे नाही. ते सावकाराच्या तिजोरीपर्यंत आले होते आणि तिथे थांबले होते. भाव वाढल्यावर सावकाराला आपले पैसे मोकळे करण्याची संधी मिळाली. कुणी कुळावर दबाव आणून दागिना विकायला लावला, कुणी मुदत संपली म्हणून परस्पर विकला. बाजारात विकणारा जो दिसला तो नफा घेतच होता. फक्त तो दागिन्याचा मूळ मालक नव्हता. आकडेवारीत दोघेही ‘हिंदी विक्रेते’ या एकाच रकान्यात बसले.

जॉन मेनार्ड केन्स यांना सोन्याविषयीच्या आपल्या ओढीचे फारसे कौतुक नव्हते. १९१३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पहिले पुस्तक हिंदुस्थानच्या चलनावरच होते आणि दागिन्यांत अडकलेला पैसा हा त्यांच्या मते वांझ पैसा होता. याच केन्स यांनी जानेवारी १९३१मध्ये रेडिओवरून ब्रिटिश गृहिणींना बाजारात जाऊन खरेदी करण्याचे आवाहन केले. तुम्ही काटकसर कराल तर कुणाचा तरी रोजगार जाईल, असा त्याचा आशय होता. पुढे १९३६च्या ग्रंथात त्यांनी तो सविस्तर मांडला. एका घराने हात आखडला तर ते शहाणपण, सगळ्यांनी आखडला तर सगळ्यांचेच उत्पन्न आटते. हा बचतीचा विरोधाभास आजही पाठ्यपुस्तकात आहे. पण केन्स यांच्या गृहिणीपुढे खर्च करू की न करू हा पर्याय तरी होता. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या कुणब्याच्या घरात तो नव्हता. केन्सना जे सोने वांझ वाटले, तेच इथे बेकारी भत्ता, विमा आणि पेन्शन यांची कामे एकटे करत होते.

आता २०२०. ऑगस्टच्या शेवटी एप्रिल ते जून या तिमाहीचे आकडे आले तेव्हा देशाचे सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी आणि लोकांचा उपभोग खर्च २६.७ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज होता. त्याच तिमाहीत कुटुंबांची आर्थिक बचत रिझर्व्ह बँकेच्या अंदाजाप्रमाणे सकल उत्पादनाच्या २१ टक्क्यांवर गेली. पुढच्या तिमाहीत ती १०.४ टक्क्यांवर उतरली. केवढी ही काटकसर, असे वाटेल. पण दुकाने बंद, प्रवास बंद, लग्ने बंद. ज्यांचे पगार चालू होते त्यांचे पैसे नाइलाजाने खात्यात साठत होते, आणि भागाकारातला छेद म्हणजे सकल उत्पादन आकसले होते, म्हणूनही टक्केवारी फुगली. या बचतीत सवयीचा वाटा फार थोडा होता.

खर्चाच्या सवयींचेही तसेच. मार्च ते मे २०२० हे महिने पार्ले-जी बिस्किटांच्या विक्रीसाठी आठ दशकांतले सर्वोत्तम ठरल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जूनमध्ये सांगितले. मंदीत माणूस मोठी चैन सोडतो आणि छोटी धरून ठेवतो, या सिद्धान्ताला (पाश्चात्त्य लेखक यासाठी लिपस्टिकचे उदाहरण देतात) हा पुरावा म्हणून अनेकांनी वापरला. पाच रुपयांचा पुडा ही चैन आहे असे मानणाऱ्याने तो चहात बुडवून जेवण म्हणून खाल्लेला नसावा. शिवाय मदतीच्या पाकिटांतून सरकारने आणि संस्थांनी ही बिस्किटे मोठ्या प्रमाणावर वाटली होती. इथे लिपस्टिकपेक्षा एर्न्स्ट एंगेल हा जर्मन संख्याशास्त्रज्ञ जास्त उपयोगी आहे. उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला अन्नावरचा वाटा मोठा, हे त्याने १८५७ साली मांडले होते.

गुंतवणुकीच्या बाजूला तर दोन वेगळे देश दिसतात. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडून २५,९८१वर बंद झाला. पुढच्या जानेवारीत त्याने ५० हजारांना स्पर्श केला. मार्च २०२०मध्ये देशात चार कोटींच्या थोडी वर असलेली डिमॅट खाती वर्षभरात साडेपाच कोटींच्या आसपास गेली. घरी बसलेल्या पगारदाराने तळाशी खरेदी केली. त्याच काळात एसआयपीची महिन्याची आवक मार्चमधल्या ८,६४१ कोटींवरून सप्टेंबरात ७,८०० कोटींच्या खाली आली. भविष्य निर्वाह निधीतून तीन महिन्यांचे वेतन किंवा शिलकीच्या ७५ टक्के यांतली कमी असेल ती रक्कम काढण्याची मुभा २८ मार्चला मिळाली. एकाच बाजारात एक जण तळाला विकत घेत होता आणि दुसरा तळाला विकत होता. दोघांत फरक धीराचा होता असे मी म्हणणार नाही. फरक पगाराच्या तारखेचा होता.

ज्येष्ठांची गोष्ट थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०२०पासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.६वरून ७.४ टक्क्यांवर आला. आधीच्या ठेवींना जुना दर चालू राहिला, पण त्या एप्रिलात निवृत्त होऊन तेव्हाच्या मर्यादेइतके, म्हणजे १५ लाख रुपये गुंतवणाऱ्याला तिमाहीला ३२,२५०ऐवजी २७,७५० रुपये मिळू लागले. मंदीत व्याजदर उतरवणे हा उद्योगांना दिलासा असतो. तो दिलासा या साडेचार हजारांतूनही जातो, हे क्वचितच सांगितले जाते.

आणि सोने? ऑगस्ट २०२०मध्ये दहा ग्रॅमचा भाव ५६ हजारांच्या आसपास पोचला. ६ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने बँकांच्या बिगरशेती सोनेतारण कर्जाची मर्यादा मूल्याच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्के केली, ३१ मार्च २०२१पर्यंत. हेतू चांगलाच होता. त्या आर्थिक वर्षात बँकांची सोनेतारण कर्जे ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाढली. गणित मात्र नाजूक होते. सोयीसाठी शुद्ध सोन्याचा भाव धरू: ५६ हजारांवर ९० टक्के म्हणजे ५०,४०० रुपये. प्रत्यक्षात बावीस कॅरटचा आणि मागच्या तीस दिवसांच्या सरासरीचा भाव धरत, त्यामुळे रक्कम कमी भरे. मार्च २०२१मध्ये भाव ४४-४५ हजारांवर आला. म्हणजे तारणाची किंमत कर्जाच्या खाली गेली, व्याज वेगळेच. ७५ टक्क्यांची जुनी मर्यादा असती तर कर्ज ४२ हजारांचे असते आणि तारण शाबूत राहिले असते. कर्जदाराला जास्त पैसे मिळाले, आणि त्याच प्रमाणात दागिना लिलावाच्या काठावर सरकला. १९३१मध्ये भाव चढल्याने गहाण दागिने गेले. २०२१मध्ये भाव उतरल्याने ते धोक्यात आले. दोन्ही वेळा भावाच्या हालचालीचा फायदा दागिन्याच्या मालकाला झाला नाही.

या मालकीविषयी एक जुनी तरतूद सांगण्याजोगी आहे. स्त्रीधनावर पतीचा हक्क नाही, हे धर्मशास्त्राचे सर्वसाधारण मत. पण याज्ञवल्क्यस्मृतीने अपवाद केले आहेत: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि अटकेचा प्रसंग. अशा वेळी घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन पतीवर नाही. म्हणजे ज्या संकटासाठी हे धन तिच्यापाशी असायचे, नेमक्या त्याच संकटात ते परत मिळण्याची हमी तिला नव्हती. आजचा कायदा तिची मालकी मानतो. पण तारण कर्जाचा अर्ज कुणाच्या नावाने भरला जातो आणि पावतीवर सही कुणाची असते, हा प्रश्न घरोघरचा आहे. राष्ट्रीय लेख्यांत सोन्याचांदीच्या दागिन्यांची बचत कुटुंबाच्या नावाने एका वेगळ्या ओळीत दाखवतात. कुटुंबात कुणाचे किती, हे त्या ओळीत नसते.

मंदी सरल्यावर काय झाले तेही पाहू. २०२२-२३मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत सकल उत्पादनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास उतरली. अनेक दशकांतली ती नीचांकी पातळी होती. घरांची देणी वेगाने वाढली, हे त्याचे मोठे कारण. जून २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने सोनेतारणाचे नवे नियम काढले: अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८०, त्यापुढे ७५. लिलावाची राखीव किंमत मूल्याच्या ९० टक्क्यांच्या खाली ठेवता येणार नाही. दोन लिलाव फसले तरच ती ८५पर्यंत उतरवता येईल. कर्ज फिटल्यावर सात कामकाजी दिवसांत दागिना परत दिला नाही, तर सावकारी संस्थेने दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. सर्वांत लहान कर्जाला सर्वांत जास्त टक्के, म्हणजे भाव घसरला तर सर्वांत कमी उसंतही त्यालाच. मात्र एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. करारनामा कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा, आणि त्याला वाचता येत नसेल तर त्यातल्या मुख्य अटी एका त्रयस्थ साक्षीदारासमोर त्याला समजावून सांगायच्या. १९३१च्या कुळाने अंगठा उठवला, तेव्हा साक्षीदार बहुधा सावकाराचाच कारकून असे.