पाण्याची भीती आणि पाण्याची विद्या

पोहणे ही गोष्ट आपल्याकडे अद्याप विद्या म्हणून गणली जात नाही. मुलास पाढे आले नाहीत तर बाप मास्तरास जाब विचारतो. मुलगा दुकानावर बसू लागला आणि त्यास जमाखर्च साधला नाही तर घरात चिंता उत्पन्न होते. परंतु तेच मूल अवचित पाण्यात पडले असता चार हात मारून काठास येईल किंवा नाही, याची चौकशी करणारे आईबाप आमच्या बुलढाणा जिल्ह्यात किती निघतील, याची आम्हांस मोठी शंका आहे. उन्हाळा आला की विहिरींतून, आणि पावसाळा आला की पूर्णा, पैनगंगा, नळगंगा यांच्या डोहांतून व धरणांच्या जलाशयांतून पोरे बुडाल्याच्या वार्ता येऊ लागतात. वाचणारे क्षणभर हळहळतात, 'आयुष्यच तेवढे होते' असे म्हणतात आणि पान उलटतात. सरकारी गुन्हे-नोंदणी विभागाच्या अहवालांप्रमाणे २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत दरवर्षी देशात ३० हजारांहून अधिक माणसे अपघाताने बुडून मेली. जे मरण एका विद्येने टळण्याजोगे आहे, त्याचा बोजा दैवावर टाकून मोकळे होणे हे शहाण्या समाजास शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही विद्या जगात कशी वाढली हे पाहू गेल्यास एक बोधप्रद गोष्ट आढळते. १८९६ साली अथेन्स येथे अर्वाचीन ऑलिंपिक सामने प्रथम भरले. त्या वेळी पोहण्याच्या शर्यतींसाठी तलाव नव्हता. झेआ नावाच्या खाडीत, बर्फगार समुद्रात, होडीतून उडी टाकून स्पर्धकांनी किनारा गाठावयाचा होता. त्यांत शंभर मीटर व बाराशे मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकणारा आल्फ्रेड हायोश हा हंगेरीचा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगास चरबीचा जाड लेप दिला होता. आणि लाटा पाहून, शर्यत जिंकण्यापेक्षा जिवंत परत येण्याचीच चिंता आपणांस अधिक वाटली, असे त्याने पुढे मोकळेपणी सांगितले. हा मुलगा पोहण्यास का शिकला? तो तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडून मेले होते! आमच्याकडे घरातला कोणी बुडाला की त्या घरातील मुलांस पाण्याच्या काठी फिरकू देत नाहीत. हायोशने त्याच दुःखातून उलट धडा घेतला. पाण्याने बाप नेला, तेव्हा पाणी जिंकलेच पाहिजे, असा तो धडा. ऑलिंपिकमधील पोहण्याचा पहिला विजेता अशा रीतीने एका शोकातून निर्माण झाला.

आरंभीचे हे सामने आजच्यासारखे शिस्तबद्ध होते असे मात्र कोणी समजू नये. १९०० साली पॅरिस येथे सीन नदीच्या प्रवाहातच शर्यती झाल्या, आणि त्यांत एक शर्यत अशी होती की, पोहणाऱ्याने मध्येच खांबावर चढावे, नावा ओलांडाव्या व काही नावांच्या खालून बुडी मारून जावे. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे एका कृत्रिम सरोवरात सामने झाले. सूर मारण्याची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये प्रथम आली ती तेथेच. त्याच ठिकाणी पाण्यात सूर मारून पुढे हातपाय न हलविता कोण किती दूर वाहत जातो, याचीही स्पर्धा झाली. खेड्यातील पोरांनी दुपारच्या वेळी विहिरीवर योजावा तसाच हा प्रकार नव्हे काय? पुढे १९०८ साली लंडनच्या क्रीडांगणात शंभर मीटर लांबीचा तलाव बांधण्यात आला, आणि त्याच वर्षी पोहण्याचे नियम ठरविणारा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. सारांश, ज्यांस आपण आज या कलेत पुढारलेले म्हणतो, ते बारा वर्षांपूर्वी उघड्या समुद्रात चाचपडत होते. त्यांनी पाणी मोजले, नियम केले, शिक्षक नेमले आणि मगच त्यांची प्रगती झाली.

या प्रगतीत अर्ध्या समाजास बराच काळ वगळले होते, हेही सांगितले पाहिजे. स्त्रियांस ऑलिंपिकमध्ये पोहण्याची मुभा मिळाली ती १९१२ साली, स्टॉकहोम येथे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताच्या स्त्रियांच्या जलतरण संस्थेचा नियमच असा होता की, जेथे पुरुष प्रेक्षक असतील तेथे स्त्रियांनी शर्यतीत उतरू नये. लोकमताचा रेटा आला, नियम मोडावा लागला आणि फॅनी ड्युरॅक ही तरुणी स्टॉकहोमला जाऊ शकली. तिने शंभर मीटरचे अंतर १ मिनिट २२.२ सेकंदांत तोडून सुवर्णपदक मिळविले. वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. कारण सोळा वर्षांपूर्वी अथेन्सला हायोश याने नेमका एवढाच वेळ घेतला होता! समुद्राच्या लाटा व आडोशाचे शांत पाणी यांत अंतर आहे, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या जातीस पाण्याच्या काठी उभे राहण्याचीही मनाई होती, तिने संधी मिळताच पहिल्या पुरुष विजेत्याची बरोबरी करावी, यात विचार करणाऱ्यास पुष्कळ अर्थ सापडेल.

आता आपल्या देशाकडे वळू. १९५१ च्या मार्च महिन्यात दिल्ली येथे पहिले आशियाई सामने भरले. अकरा राष्ट्रे आली होती. त्यांत सचिन नाग यांनी शंभर मीटरची शर्यत १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकली. हे गृहस्थ काशीच्या गंगेत पोहण्यास शिकलेले. १९४७ च्या दंगलीच्या दिवसांत कलकत्त्यास त्यांच्या पायास गोळी लागली होती, आणि तशातही दुसऱ्या वर्षी ते लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले होते. सूर मारण्याच्या स्पर्धांत के. पी. ठक्कर यांनी लवचीक फळीवरील व उंच मंचावरील अशी दोन्ही सुवर्णपदके घेतली. वॉटर पोलोतही आपलाच संघ पहिला आला. परंतु त्या वेळी पोहण्याच्या एकाही शर्यतीत स्त्रियांस स्थान नव्हते. पुढल्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये मुंबईची डॉली नाझीर व कलकत्त्याची आरती साहा या दोघी पोहल्या. आरतीस तेव्हा बारावे वर्षही पुरे झाले नव्हते. तीच मुलगी २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लिश खाडी पोहून जाणारी आशियातील पहिली स्त्री ठरली.

हा आरंभ पाहून कोणासही वाटले असते की, पुढे आपण या खेळात आशियाचे अग्रणी होऊ. झाले उलटेच. दिल्लीनंतर २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या सामन्यांपर्यंत पोहण्याच्या शर्यतीत भारतास दुसरे सुवर्णपदक मिळाले नाही. १९८६ साली खजान सिंग यांनी सेऊल येथे रौप्यपदक मिळविले. त्यानंतर चोवीस वर्षांनी, २०१० साली, कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी ग्वांगझू येथे कांस्यपदक आणले. याच खाडे यांचे २०१८ सालचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. एवढ्या गुणी मराठी मुलासही उत्तम शिक्षणासाठी बंगळूरची वाट धरावी लागली होती.

दोष आमच्या रक्तात आहे काय? मुळीच नाही. जपान आशियातलाच देश. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे पुरुषांच्या पोहण्याच्या सहा शर्यतींपैकी पाच जपानने जिंकल्या, आणि त्यांतला एक विजेता कुसुओ कितामुरा हा चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. हिदेको माएहाता ही सोयाबीनचे पनीर विकणाऱ्या गरीब घरातील मुलगी गावच्या नदीत पोहण्यास शिकली. १९३२ साली तिचे सुवर्णपदक सेकंदाच्या दहाव्या भागाने गेले, आणि १९३६ साली बर्लिन येथे तिने ते मिळविलेच. त्याच बर्लिनच्या सामन्यांच्या वेळी आमच्या वऱ्हाडातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक कबड्डीसारखे देशी खेळ जगास दाखविण्यास गेले होते, ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. वऱ्हाडच्या तरुणांस जगाचे मैदान अपरिचित नाही. मैदानावर आम्ही जी मेहनत केली ती पाण्यात केली नाही, एवढेच काय ते उणे.

आणि धाडस तर आमच्या पोरांच्या अंगी हवे त्याहून अधिक आहे. पाठीस वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून मोठ्या भावाने विहिरीत ढकलावे आणि पोराने नाकातोंडात पाणी जात जात शिकावे, ही आमची शाळा. शिकल्यावर ते पोर विहिरीच्या काठावरून बेधडक मुटका मारते. सामन्यांतील सर्वांत उंच मंच दहा मीटरांचा, म्हणजे तेहतीस फुटांचा असतो. उन्हाळ्यात पाणी तळास गेलेल्या आमच्या कित्येक विहिरींत उडीची उंची याहून कमी नसते. परंतु भेद कोठे आहे तो पाहावा. तेहतीस फुटांवरून पडणारे शरीर ताशी सुमारे पन्नास किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळते. म्हणून मंचाखाली निदान पंधरा फूट खोल पाणी ठेवण्याचा नियम आहे, आणि तळ स्वच्छ दिसावा अशी तजवीज असते. आमच्या विहिरीत पाणी पुरुषभर असते आणि त्याखाली काळा खडक. तेथे मान मोडली तर आपण त्यास अपघात म्हणतो. वस्तुतः तो अज्ञानाचा परिणाम होय.

आमच्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, ज्या जिल्ह्यात खारपाणपट्ट्यातील गावांस पिण्यास गोडे पाणी मिळत नाही तेथे पोहण्याच्या गोष्टी कशास? यास आमचे उत्तर असे की, आम्ही गावोगाव संगमरवरी हौद मागत नाही. जे पाणी आहे, ज्यात मुले आजही उतरतात आणि बुडतात, तेच सुरक्षित करा एवढे मागतो. दुसरा आक्षेप मुलींविषयीचा. तो तर जुनाच आहे. जिजाऊंचा जन्म ज्या सिंदखेडराजात झाला, ज्या गावास मोती तलावासारखे जुने तळे लाभले आहे, त्या जिल्ह्यात मुलीने पोहणे लाजिरवाणे मानावे, याहून लाजिरवाणे ते काय? नदीवर धुणे मुलींनी न्यावे, विहिरीवरून पाणी मुलींनी आणावे, आणि पाय घसरला तर बुडूनही मुलींनीच मरावे, हा न्याय आम्हांस समजत नाही.

तिसरी गोष्ट अधिक कडू आहे, पण ती लपविण्यात अर्थ नाही. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यास शिवू दिले नाही, त्यांस पोहता येत नाही याचे नवल कसले? मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे केले. तरीही महाडचे चवदार तळे खऱ्या अर्थाने मोकळे करण्यास २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांस अनुयायांसह तेथे जाऊन ओंजळ भरावी लागली. कागदावर दिलेली मोकळीक काठापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून पोहण्याचे शिक्षण द्यावयाचे तर ते सर्वांच्या मुलांस एकाच पाण्यात द्यावे. अपंगांसही त्यातून वगळू नये. १९६५ च्या युद्धात जबर जखमी झालेले सांगलीकडचे जवान मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरची शर्यत विक्रमी वेळात जिंकून सुवर्णपदक घेऊन आले. सरकारने पद्मश्री देण्यास मात्र २०१८ साल उजाडले.

आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. जिल्ह्याचे तालुके तेरा. प्रत्येक तालुक्यात एक तरी पाणी असे नेमावे की, ज्याची खोली मोजून फलकावर लिहिलेली आहे, उतरण्यास पायऱ्या आहेत, मध्ये दोर बांधला आहे आणि काठावर जाणता शिक्षक हजर आहे. जेथे बांधलेला तलाव असेल तेथे शाळेच्या मुलांस ठराविक दिवशी प्रवेश मिळावा. मुलींसाठी वेगळी वेळ व स्त्री शिक्षक असावी. सूर मारण्याचे शिक्षण खोल पाण्याखेरीज कोणी देऊ नये. बुडणाऱ्यास वाचविण्यास एकदम उडी न टाकता प्रथम दोर, धोतर किंवा बांबू पुढे करावा, हे प्रत्येक मुलास शाळेत शिकवावे. कारण एकास काढण्यास गेलेले दुसरे दोन बुडाल्याचे प्रसंग थोडे नाहीत. आणि वर्षातून एकदा मोजलेल्या अंतराच्या शर्यती घ्याव्यात, म्हणजे कोणाच्या अंगी खरा गुण आहे ते तरी कळेल.

खर्चाचा प्रश्न निघाल्यास आम्ही खामगाव, मलकापूर, शेगाव, चिखली येथील व्यापारी मंडळींकडे पाहतो. उन्हाळ्यात पाणपोई घालणे आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणे यांत आपले हात कधी आखडले नाहीत. पाणी पाजण्यात पुण्य आहे, तसे पाण्यातून जिवंत बाहेर येण्याची विद्या देण्यातही आहे. आणि एका शिक्षकाचे उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचे वेतन हे बाजारपेठेतील दहा दुकानांनी मिळून उचलण्याजोगे ओझे आहे. यातून एखादा सचिन नाग निघाला तर आनंदच आहे. न निघाला तरी, पुढल्या वैशाखात एखाद्या घरचे पोर विहिरीत पडून आपल्या हाताने काठास आले, तर त्या घरापुरते सुवर्णपदक तेच होय. हायोशच्या घरी बाप गेल्यावर मुलगा शिकला. आमच्या घरी कोणी जाण्याची वाट न पाहता मुले शिकावीत, इतकीच आमची विनंती आहे.