रॉम बदला, रूट ठेवू नका

बॅटरी टिकते, स्क्रीन शाबूत आहे, कॅमेराही बरा चालतो. फक्त कंपनीने अपडेट देणे बंद केले आहे. असे फोन आज बहुतेक घरांत पडून असतात. ऑगस्ट २०१८मध्ये भारतात आलेला पोको एफ१ हा त्यातलाच एक. कंपनीने त्याला अँड्रॉइड १०पर्यंत आणून सोडले. स्वयंसेवकांनी बनवलेल्या लिनिएज ओएसमुळे मात्र त्याच फोनवर अँड्रॉइड १३ सुद्धा व्यवस्थित चालते.

कंपनीचे सॉफ्टवेअर काढून त्याजागी अशी दुसरी प्रणाली बसवणे म्हणजे कस्टम रॉम टाकणे. हा विषय निघाला की ओळखीतला जाणकार हमखास सांगतो, ‘आधी फोन रूट कर.’ हा सल्ला दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे. आज तो बहुतेकांच्या उपयोगाचा नाही आणि अनेकांच्या नुकसानीचा आहे. रॉम बदलणे हा एक निर्णय आणि रूट ठेवणे हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे काही जण चांगला फोन भंगारात काढतात, तर काही जण विनाकारण धोका ओढवून घेतात. म्हणून एकेक गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : कस्टम रॉम टाकायची तर फोन रूट करावाच लागतो.

वस्तुस्थिती : लागत नाही. इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पहिली बूटलोडर. फोन चालू होताना कोणती प्रणाली सुरू करायची हे तो ठरवतो, आणि कुलूपबंद असेल तर कंपनीची सही असलेलीच प्रणाली स्वीकारतो. दुसरी रिकव्हरी. ही मुख्य प्रणालीच्या बाहेर चालणारी छोटी प्रणाली असून नवी रॉम लिहिण्याचे काम तिच्यातून होते. तिसरी गोष्ट रूट. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे आणि लिनक्समधला सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणजे रूट. एरवी प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात बंदिस्त असते. एका ॲपला दुसऱ्याची माहिती वाचता येत नाही. चालू फोनवर रूटचा अधिकार मिळालेले ॲप ही सगळी बंधने ओलांडू शकते.

रॉम टाकताना बूटलोडर अनलॉक करावा लागतो आणि योग्य रिकव्हरी लागते. रॉम लिहिली जाते तेव्हा मुख्य प्रणाली बंदच असते, त्यामुळे तिच्यात रूट असण्या-नसण्याचा संबंधच येत नाही.

मग ही समजूत आली कुठून? सुरुवातीच्या अनेक फोनांत बूटलोडर अनलॉक करण्याचा अधिकृत मार्ग नव्हता. एखादी सुरक्षात्रुटी शोधून आधी रूट मिळवायचे आणि त्या अधिकाराने चालू फोनमधूनच नवी रिकव्हरी बसवायची, हाच उपाय होता. शिवाय २००९मध्ये सुरू झालेली सायनोजेनमॉड ही तेव्हाची सर्वांत लोकप्रिय रॉम रूटसकटच येई. पण २०१२मध्ये तिच्याच कर्त्यांनी रूट मुळात बंद ठेवायचे ठरवले. कारण त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते : बहुतेक वापरकर्त्यांना त्याची गरज नाही आणि ते उघडे ठेवणे सुरक्षेला मारक आहे. तिची वारसदार लिनिएज ओएस आज रूट देतच नाही. तिच्या डेव्हलपर पर्यायांत ‘रूटेड डिबगिंग’ नावाचे बटण आहे. ते केबलने जोडलेल्या संगणकावरून काम करण्यापुरते असते आणि मुळात बंद असते.

भारतात तर रूट नसलेली अशी प्रणाली बसवलेले फोन उघड बाजारात विकले गेले आहेत. वनप्लस वन आणि मायक्रोमॅक्सचा यू युरेका हे दोन्ही सायनोजेनमॉडवर आधारलेल्या प्रणालीवर चालत. ही प्रणाली भारतात कोणी विकायची यावरून डिसेंबर २०१४मध्ये दोन्ही कंपन्यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. हे फोन घेणाऱ्यांना रूट करावे लागले नव्हते.

गैरसमज २ : एकदा रूट केले की ते काढता येत नाही, किंवा काढले तर रॉमही जाते.

वस्तुस्थिती : हल्ली रूटसाठी सर्रास वापरले जाणारे मॅजिस्क हे साधन फोन सुरू करणाऱ्या बूट इमेजमध्ये बदल करते, मुख्य प्रणालीच्या फाइलींना हात लावत नाही. म्हणून रूट काढणे सोपे आहे. मॅजिस्कच्याच ॲपमधून ते पूर्ण अनइन्स्टॉल करा, किंवा तुमच्या रॉमच्या त्याच आवृत्तीची मूळ बूट इमेज पुन्हा फ्लॅश करा, म्हणजे फोनवर लिहा. अँड्रॉइड १३ घेऊन बाजारात आलेल्या बऱ्याच फोनांत हा बदल ‘इनिट बूट’ नावाच्या वेगळ्या इमेजमध्ये असतो, तेव्हा आपल्या फोनला कोणती लागू पडते ते आधी पाहा. रॉम आणि तुमची माहिती जागच्या जागी राहते.

एक सावधगिरी मात्र हवी. रूट असताना कोणत्या ॲपने कुठे काय बदलले, हे नंतर खात्रीने सांगता येत नाही. एखाद्या संशयास्पद ॲपला तो अधिकार दिला गेला असेल तर नुसते रूट काढून भागत नाही. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून फोन पूर्ण पुसावा आणि रॉम कोरी बसवावी.

गैरसमज ३ : रूट नसेल तर कस्टम रॉमचा उपयोग काय?

वस्तुस्थिती : पूर्वी रूटची कारणे खरी होती. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट उमटत नसे. मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत आणि फाँट बदलायला काही जण फोन रूट करत. आज देवनागरी अँड्रॉइडमध्येच आहे. जाहिराती रोखण्यासाठी रूट लागे. अँड्रॉइड ९पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ या सेटिंगमध्ये जाहिराती गाळणारी सेवा भरली की बरेच काम होते. नको असलेली ॲप काढायला रूट लागे. आता संगणकाला जोडून एडीबी या साधनाच्या आज्ञेने ती आपल्या खात्यापुरती हटवता येतात, आणि स्वच्छ रॉममध्ये ती मुळातच नसतात. बॅटरी ठरावीक टक्क्यांपुढे चार्ज होऊ नये यासाठी रूट लागे. लिनिएज ओएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ती सोय अनेक फोनांवर सेटिंगमध्येच मिळते.

गूगलची ॲपसुद्धा रूटशिवाय बसतात. लिनिएज ओएसमध्ये ती आधीपासून नसतात. हवी असल्यास रॉम टाकल्यावर, फोन पहिल्यांदा सुरू करण्याआधी, रिकव्हरीतूनच त्यांचे पॅकेज फ्लॅश करायचे असते. हा क्रम चुकला तर फोन पुसून पुन्हा सुरुवात करावी लागू शकते.

काही कामे रूटशिवाय होत नाहीत, हेही खरे. प्रत्येक ॲपच्या आतल्या माहितीचा संपूर्ण बॅकअप घेणे, प्रोसेसरच्या वेगाचे नियम बदलणे, होस्ट्स फाइल हाताने लिहिणे ही त्यातली काही. ज्यांना हे रोज करायचे असते त्यांनी रूटचा विचार जरूर करावा. अपडेट मिळणारा, नीट चालणारा फोन एवढीच अपेक्षा असलेल्याला त्याची गरज नाही.

गैरसमज ४ : रूट नाही म्हणजे बँकेची ॲप चालणारच.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त निराशा याच समजुतीने होते. रूट असल्याचे दिसताच बँकेची आणि यूपीआयची अनेक ॲप बंद पडतात, हे खरे आहे. पण तपासणी तेवढ्यावर थांबत नाही. अनेक ॲप गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ या सेवेला विचारतात की हा फोन विश्वासार्ह आहे का. ती सेवा बूटलोडर कुलूपबंद आहे का आणि प्रणाली गूगलने प्रमाणित केलेली आहे का, हेही पाहते. मे २०२५पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या आवृत्त्यांसाठी ही तपासणी अधिक कडक झाली आहे : फोनच्या हार्डवेअरमध्ये जपलेल्या किल्लीने सही केलेला पुरावा त्यात मागितला जातो. बूटलोडर उघडा असल्याची नोंद त्या पुराव्यातच असते.

म्हणून रूट नसलेल्या कस्टम रॉमवर एका बँकेचे ॲप चालते आणि दुसरीचे चालत नाही, असे होते. कोणत्या पातळीचा निकाल मागायचा हे प्रत्येक ॲपचा कर्ता ठरवतो. पुढच्या अपडेटमध्ये तो हा निर्णय बदलूही शकतो.

इथेच एक चक्र सुरू होते. उघडा बूटलोडर ॲपपासून लपवायचा म्हणून लोक रूट करतात, मग रूट लपवायला आणखी मॉड्यूल बसवतात. ती कोणी लिहिली, त्यात काय आहे, हे बहुतेकांनी तपासलेले नसते. ज्या फोनवरून आयुष्याची बचत हलते, त्यावर अनोळखी माणसाच्या कोडला सर्वाधिकार देणे मला मुळीच मान्य नाही. बँकेचे ॲप चालले नाही तर बँकेचे संकेतस्थळ आहे, आणि यूपीआयसाठी बँकेत नोंदवलेल्या क्रमांकावरून *९९# ही सेवा साध्या फोनवरही चालते. फोन एकच असेल आणि यूपीआय त्यावरच अवलंबून असेल, तर रॉम टाकण्याआधीच थांबून विचार करावा. पडून असलेल्या दुसऱ्या फोनवर मात्र ही अडचण येत नाही.

गैरसमज ५ : रूट काढले, आता बूटलोडर पुन्हा लॉक केला की काम पूर्ण.

वस्तुस्थिती : हे वाक्य ऐकून घाईने लॉक केलेले फोन कायमचे मेले आहेत. लॉक झालेला बूटलोडर प्रत्येक वेळी सही तपासतो. कस्टम रॉमवर कंपनीची सही नसते, त्यामुळे तो तिला सुरूच करत नाही. काही फोनांत त्यानंतर पुन्हा अनलॉक करण्याचा मार्गही उरत नाही.

अँड्रॉइडच्या ‘व्हेरिफाइड बूट’ या व्यवस्थेत फोनची स्थिती रंगांनी ओळखली जाते. हिरवा म्हणजे कुलूपबंद आणि कंपनीची प्रणाली. केशरी म्हणजे बूटलोडर उघडा. फोन सुरू होताना दिसणारी इशाऱ्याची स्क्रीन हीच. लाल म्हणजे तपासणी फसली. या तिन्हींखेरीज चौथा पिवळा रंग आहे : बूटलोडर कुलूपबंद, पण किल्ली कंपनीची नसून वापरकर्त्याने बसवलेली. म्हणजे कस्टम रॉमसह लॉक करण्याची सोय अँड्रॉइडने तत्त्वतः ठेवली आहे. ती प्रत्यक्षात देणारे फोन मात्र थोडे. गूगलच्या पिक्सेल फोनांत ती आहे. ग्राफीन ओएस ही कस्टम रॉम तिचाच उपयोग करते : प्रणाली बसवल्यावर आपली किल्ली नोंदवून बूटलोडर पुन्हा लॉक करायला सांगते आणि रूटला स्पष्ट नकार देते.

तुमच्या फोनच्या आणि रॉमच्या अधिकृत सूचनांत लॉक करा असे लिहिले असेल तरच ते करा. तसे लिहिलेले नसेल तर बूटलोडर उघडाच राहू द्या. कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर पूर्णपणे परत टाकल्याशिवाय लॉकच्या आज्ञेला हात लावू नका. आणि अनलॉक असो वा लॉक, दोन्ही वेळा फोनमधली सगळी माहिती पुसली जाते. चोरलेला फोन अनलॉक करून कोणाला तुमचे फोटो आणि संदेश वाचता येऊ नयेत, म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे.

गैरसमज ६ : रूट नसलेली कोणतीही रॉम सुरक्षितच.

वस्तुस्थिती : रूट नसणे ही सुरक्षेची पहिली पायरी आहे. पुढे आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. रॉम कोणाच्या किल्लीने सही केली आहे? अँड्रॉइडच्या मूळ कोडसोबत सर्वांसाठी खुल्या असलेल्या चाचणी-किल्ल्या येतात. त्यांनीच सही केलेल्या रॉमवर कोणीही बनवलेले ॲप प्रणालीचा भाग असल्याची बतावणी करू शकते. दुसरे, एसईलिनक्स ही संरक्षक व्यवस्था ‘एन्फोर्सिंग’ स्थितीत आहे का? काम लवकर व्हावे म्हणून काही हौशी रॉमकर्ते ती ‘परमिसिव्ह’ करून ठेवतात, म्हणजे नियमभंगाची नोंद होते पण अडवणूक होत नाही. अशी रॉम वापरू नये.

तिसरे, सुरक्षा पॅचची तारीख. ती दोन ठिकाणी बघावी लागते. अँड्रॉइडचा खुला भाग रॉमकर्ते दर महिन्याला दुरुस्त करू शकतात. मोडेम आणि चिपचे बंद सॉफ्टवेअर फक्त कंपनीच दुरुस्त करू शकते. लिनिएज ओएस या दोन्ही तारखा सेटिंगमध्ये वेगवेगळ्या दाखवते. त्यातली दुसरी बहुधा जुनीच राहते, म्हणून कस्टम रॉमने फोन नव्यासारखा सुरक्षित होत नाही; वाऱ्यावर सोडलेल्या फोनपेक्षा पुष्कळ बरा होतो.

गैरसमज ७ : कस्टम रॉम टाकणे बेकायदा आहे, आणि रूट काढले की सगळे पूर्ववत होते.

वस्तुस्थिती : अँड्रॉइडचा मूळ कोड अपाचे परवान्याखाली खुला आहे आणि स्वतःच्या फोनवर वेगळी प्रणाली टाकणे हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो आयएमईआय या फोनच्या ओळख-क्रमांकात फेरफार करण्याचा. २०२३च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. रॉम टाकताना त्या क्रमांकाला हात लागत नाही. कोणी दुकानदार ‘आयएमईआयही बदलून देतो’ म्हणाला तर तिथून निघून यावे.

काही बदल मात्र कायमचे असतात. सॅमसंगच्या फोनांत अनधिकृत प्रणाली लिहिली की नॉक्स या सुरक्षा-व्यवस्थेची नोंद बदलते आणि मूळ सॉफ्टवेअर परत टाकूनही ती पूर्ववत होत नाही; सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी कायमच्या जातात. काही फोनांत बूटलोडर उघडताच वाइडवाइन या संरक्षणाची पातळी खाली येते आणि चित्रपटांच्या ॲपमध्ये एचडी दिसत नाही. वॉरंटीच्या अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात, त्या आधी वाचाव्यात. मुळात सगळे फोन अनलॉक होतही नाहीत. हुआवेने अनलॉक कोड देणे २०१८मध्येच बंद केले.

तेव्हा सुरुवात अशी करा. आपल्या फोनच्या नेमक्या मॉडेलचे नाव रॉमच्या अधिकृत यादीत आहे का ते पाहा. नावातला एक शब्द वेगळा असला तरी तो फोन वेगळा असतो. बॅकअप घ्या, अनलॉक करा, रॉम टाका. त्यानंतर कोणी कितीही आग्रह केला तरी रूट करायच्या सूचनांपाशी जाऊ नका. फोनचे आयुष्य वाढवणारे काम रॉम टाकली तेव्हाच झालेले असते, आणि ज्या कामासाठी रूट खरोखर लागेल ते समोर येईपर्यंत तो अधिकार कोणत्याही ॲपला देण्याचे कारण नाही.