नवी कोरी जुनी वाडी

सकाळी सात. हायडेलबर्गहून बेन्सहाइम, तिथे गाडी बदलून लॉर्श. धनगर आणि खंडोबाचे अभ्यासक ग्युंथर सोन्थायमर जिथे शिकवत, त्याच दक्षिण आशिया संस्थेत मी शिकते. शुक्रवारी तास नसतात, म्हणून ही रोजंदारी. माझी खोली हांडशूसहाइमला. त्या गावाचा पहिला उल्लेख ७६५ सालचा, तोही लॉर्शच्या मठाच्या दानपत्रात. म्हणजे मालकाकडेच कामाला जाते म्हणायचं!

साडेआठ. मठाची लाल-पांढऱ्या दगडांची देवडी १९९१पासून जागतिक वारसा आहे. माझं काम तिच्या पलीकडे, लाउरेसहाममध्ये. शार्लमेनच्या काळातल्या जमीनदाराची वाडी, खऱ्या मापाची: वाडा, गोठे, कोठारं, छोटं चर्च. ठिकठिकाणच्या उत्खननांतल्या खुणा जुळवून ती उभी केली आणि २०१४ साली लोकांना खुली झाली. आधी वैरण, मग शेण. शेणाचं मला कुणी शिकवावं लागलं नाही.

साडेदहा. शाळेची सहल. पहिला प्रश्न ठरलेला: ‘हे किती जुनं?’ मी सांगते, ‘तुझ्याच वयाचं.’ पोरं हिरमुसतात, शिक्षिका हसतात. पण वारशाच्या नावाखाली नव्या लाकडाला धूर देऊन काळं करण्यापेक्षा हे बरं. मग जमिनीत अर्धी खणलेली झोपडी दाखवायची. आत माग असतो. ओलसर हवेत जवसाचं सूत तुटत नाही, म्हणून विणकाम जमिनीखाली.

एक. डबा. पोळी-भाजी.

दोन. शेत. इथला वरंबा आपल्या सरी-वरंब्यासारखा हातभर नाही, कित्येक पावलं रुंद असतो. नांगराने दरवर्षी माती मधल्या बाजूला पलटत नेली की तो चढत जातो. पावसाळी वर्षी माथ्यावरचं पीक तगतं, कोरड्या वर्षी सरीतलं. पुस्तकातलं हे गणित इथे वर्षानुवर्षं पेरून पडताळतात. जुनी वाडी नव्याने बांधण्याचं खरं कारण माझ्या मते हेच. सहली त्यानंतर.

औताला राखाडी बैल, आल्प्सकडच्या जातीचे. त्यांना वशिंड नसतं. त्यामुळे जू ठेवायचं कुठे, हा इकडचा जुना प्रश्न. बऱ्याच भागांत ते शिंगांना किंवा कपाळाला पट्ट्यांनी आवळत.

चार. कुडाची भिंत पावसाने उघडी पडलेली. माती, भुसा, पाणी, आणि पायांनी तुडवणं. नखांतली माती रविवारपर्यंत निघत नाही.

सहा. परतीची गाडी, आबांचा फोन. इथल्या बैलांचं सांगते.

‘वेसण नाही? मग वळतात कसे?’

‘हाकेनं, आबा.’

‘आपलेही हाकेनंच वळायचे गं. वेसण पाहुण्यांच्या समाधानाला.’

आमची खिलार जोडी तीन वर्षांपूर्वी विकली. दाराशी ट्रॅक्टर आहे, जू माळ्यावर आहे. त्याचा फोटो मागवलाय, मापांसकट.