बहात्तरचा दुष्काळ आणि समुद्राच्या नोंदी

बारामती आणि इंदापूरच्या जिरायती भागात १९७२चा दुष्काळ अजूनही घराघरांत सांगितला जातो. खडी फोडायची कामं, हातावर पडणारी सुकडी, दावणीतून सुटलेली जनावरं, सगळं तपशिलानं. त्या सांगण्यात समुद्र मात्र कुठेच नसतो, आणि ते साहजिक आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. इंदापुरापर्यंत येताना त्यातला जेमतेम पाचशेच्या आसपास उरतो. इथल्या माणसाचं आभाळाशी नातं सह्याद्रीपाशीच संपतं. पण त्या वर्षी पाऊस हुकला त्याचं एक मोठं कारण हजारो कोसांवर, प्रशांत महासागराच्या तापलेल्या पाण्यात होतं. ते एल निनोचं वर्ष होतं. हे आज आपण सहज बोलतो, कारण कुणीतरी बोटीवरून, कुठल्याशा बेटावरून त्या पाण्याचं तापमान वर्षानुवर्षं लिहून ठेवलं. ज्यांनी अशा नोंदींत आयुष्य घातलं त्यांची आठवण ठेवणं हे बंदरांच्या गावांइतकंच या कोरड्या तालुक्यांचंही काम आहे, असं मला ठामपणे वाटतं. आणि ती आठवण त्यांच्या विक्रमांची नव्हे, त्यांच्या नोंदींची असायला हवी.

या गोष्टीच्या एका टोकाला भारताचा मॉन्सून आहे आणि दुसऱ्या टोकाला नॉर्वेतून अमेरिकेत गेलेला एक माणूस. १९०४ ते १९२४ या काळात गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मॉन्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे पिंजून काढले. प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, तराजूच्या पारड्यांसारखा, हे त्यांच्या ध्यानात आलं. हे का होतं ते मात्र उलगडलं नाही. ती गाठ सोडवली याकोब ब्येर्क्नेस यांनी. आजोबा आणि वडील दोघेही शास्त्रज्ञ, अशा घरातले. बर्गनमध्ये वडिलांसोबत त्यांनी हवामानशास्त्राची नवी घडी बसवली. १९३९मध्ये ते अमेरिकेत गेले, पुढच्याच वर्षी जर्मनीने नॉर्वे व्यापलं, आणि ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातच राहिले. १९६९मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी वॉकरचा तराजू आणि विषुववृत्तावरच्या समुद्राचं तापमान यांचा सांधा जुळवून दाखवला. ब्येर्क्नेस स्वतः बोटीवर राबले नाहीत. म्हणूनच त्यांच्या शोधाचं निम्मं ऋण राबणाऱ्यांकडे जातं.

ते राबणं कसं असतं? नॉर्वेच्याच फ्रित्योफ नान्सेन यांनी बनवलेली बाटली समुद्रशास्त्रज्ञांच्या पिढ्यांनी वापरली. धातूची नळी, दोन्ही टोकं उघडी, पोलादी तारेला बांधलेली. ती हव्या त्या खोलीवर सोडायची, थोडं थांबायचं, मग तारेवरून एक पितळी वजन खाली सोडायचं. ते आदळलं की बाटली उलटते, तोंडं बंद होतात, आणि सोबतच्या थर्मामीटरमधला पारा त्या क्षणीच्या आकड्यावर तुटून थांबतो. वर आणताना पाणी गरम झालं तरी आकडा बदलत नाही. डुलणाऱ्या डेकवर, रात्री-अपरात्री, एका जागी अनेक खोलींवर हे करायचं आणि पुढच्या जागी जाऊन पुन्हा तेच. एका रात्रीच्या मेहनतीतून वहीत जेमतेम एक पान भरतं.

आपल्याकडे अशा आयुष्याचं नाव घ्यायचं तर अदिती पंत यांचं घ्यावं लागेल. औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधींचं हे घराणं. वडील अप्पासाहेब पंत मुत्सद्दी, इंडोनेशियापासून नॉर्वेपर्यंत भारताचे राजदूत राहिलेले. अदितीताईंनी पुण्यात पदवी घेतली, अॅलिस्टर हार्डी यांच्या ‘द ओपन सी’ या पुस्तकाने त्यांना समुद्राकडे ओढलं, मग हवाई आणि लंडन इथं शिक्षण झालं. परत येऊन त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या आणि पश्चिम किनाऱ्याचं पाणी त्यांनी गावोगाव तपासलं. १९८३-८४च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर पोचल्या. भारतीय मोहिमेतून तिथं गेलेल्या पहिल्या स्त्रिया. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एवढी एकच ओळ उरली आहे. त्यांचा खरा विषय होता वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. समुद्रातली सगळी अन्नसाखळी याच हिरव्या कणांवर उभी असते. बर्फावर पाऊल टाकायला एक क्षण पुरतो; प्लवकांचा हिशेब मांडायला दशकं लागतात.

यावर कुणी म्हणेल, दुष्काळी भागाच्या पोटाला चिमटा काढून बोटी कशाला धाडायच्या? आक्षेप खोटा नाही. १९८१च्या डिसेंबरात पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली तेव्हा बोटसुद्धा भाड्याची होती, नॉर्वेची. पण मॉन्सूनचे वारे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडूनच येतात. तो समुद्र आपण मोजला नाही तर पेरणीचा सल्ला कशाच्या जोरावर द्यायचा? दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: एवढं मोजूनही अंदाज चुकतात. १९९७मध्ये शतकातला एक सर्वांत तीव्र एल निनो आला आणि सगळे दुष्काळाची वाट पाहत असताना भारतात सरासरीइतका पाऊस झाला. मात्र त्याच कोड्यातून दोन वर्षांनी हिंदी महासागराचा स्वतःचा झोका, डायपोल, समोर आला. त्या वर्षी आपल्या बाजूच्या समुद्राने सावरून धरलं होतं. अंदाज चुकला तेव्हा उत्तर मोजणी थांबवून मिळालं नाही, आपल्याच समुद्राची मोजणी वाढवून मिळालं. बारामतीजवळच्या माळेगावला २००९पासून अजैविक ताणाची, म्हणजे दुष्काळ, क्षार, उष्णता यांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या शेतकऱ्याला समुद्राचा आकडा परका नाही.

क्षारांची गोष्ट तर आणखी जवळची. १९९०नंतर अदितीताई पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या आणि मिठात तग धरणाऱ्या सूक्ष्मजीवांवर त्यांनी काम केलं. नीरा डाव्या कालव्याखाली पाणी साचून चोपण झालेल्या रानाच्या मालकाला मीठ जमिनीचं काय करतं हे शिकवावं लागत नाही.

आणि भिगवणला उजनीच्या फुगवट्याकडे पाहा. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला गाड्यांची रीघ लागते. उन्हाळ्यात तेच पाणी हिरवंगार, दाट होतं, कारण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांतून इथंच येतं आणि त्यावर प्लवक माजतात. ते किती जोमात आहेत हे कळण्याची सोपी रीत समुद्रावरचीच: एकच पाणी दोन बाटल्यांत भरायचं, एक पारदर्शक, एक काळी, दोन्ही त्याच पाण्यात टांगून ठेवायच्या आणि काही तासांनी दोन्हींतला प्राणवायू मोजायचा. दोहोंतला फरक म्हणजे त्या हिरव्या कणांनी उन्हात केलेलं काम. त्याला मोठी बोट लागत नाही. मच्छीमाराची होडी चालते, दोन बाटल्या लागतात, आणि दर महिन्याला न चुकता त्याच जागी जाऊन वहीत आकडा लिहिणारं माणूस.