क्लच झिजतो वर्षभर, सुटतो एका दिवसात

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय. त्यांच्याकडे टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, गिअर हाताने टाकायचे, आणि इंजिनाचं रीमॅपिंग करून घेतलेलं. ‘मागच्या महिन्यापर्यंत क्लच ठणठणीत होता,’ ते लिहितात, ‘उलट पेडल जरा जडच लागत होतं. परवा खंडाळ्याच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये जोर दिला, तर आरपीएमचा काटा सरकन वर गेला आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळली. मेकॅनिक म्हणतो, स्टेज थ्रीची सिरॅमिक प्लेट टाका. त्या प्लेटवर तर लाइनिंगचे सहाच ठोकळे दिसतात! कमी जागेत जास्त पकड कशी? आणि क्लच असा अचानक कसा गेला?’

दोन्ही प्रश्न फर्मास आहेत. पैकी पहिल्याचं उत्तर पाचशे वर्षं जुनं आहे.

क्लच किती टॉर्क पेलेल, हे एका साध्या गुणाकाराने ठरतं: घर्षणांक, प्रेशर प्लेटचं बल, लाइनिंगची सरासरी त्रिज्या आणि दोन. दोन अशासाठी, की प्लेटच्या दोन्ही बाजू घासतात. या गुणाकारात क्षेत्रफळ कुठेच नाही. मोठ्या प्लेटची पकड जास्त असते ती त्रिज्या वाढल्यामुळे, पसारा वाढल्यामुळे नव्हे.

हे आजही अनेकांना खोटं वाटतं. १६९९ साली गियोम आमोंतों या, लहान वयातच ऐकू येईनासं झालेल्या फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या अकादमीपुढे हेच मांडलं, तेव्हा तिथल्या विद्वानांनाही पटलं नव्हतं. ला हीर यांनी स्वतः प्रयोग करून पाहिले, तेव्हा कुठे मान्यता मिळाली. पण त्याच्याही दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीने हे वहीत टिपून ठेवलं होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या त्या छोट्या वहीच्या एका पानावर एका म्हातारीचं रेखाचित्र आहे आणि त्याखाली लाल खडूने केलेल्या पुसट खुणा. १९२०च्या दशकात संग्रहालयाच्या एका संचालकाने ‘असंबद्ध टिपणं’ म्हणून त्यांची बोळवण केली. २०१६ मध्ये केंब्रिजच्या इयन हचिंग्ज यांनी ते पान नीट वाचलं. ओळीने मांडलेले ठोकळे, त्यांना बांधलेली दोरी, कप्पीवरून लोंबणारं वजन, आणि साल १४९३. घर्षणाचे नियम त्या म्हातारीच्या पायथ्याशी पडून होते!

क्षेत्रफळ का मोजलं जात नाही, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकात बाउडन आणि टेबर यांनी केला. बाउडन सांगत, दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवणं म्हणजे स्वित्झर्लंड उलटं करून ऑस्ट्रियावर ठेवण्यासारखं आहे. टेकतात ती फक्त शिखरं. किती शिखरं टेकणार हे दाबावर ठरतं, नकाशाच्या आकारावर नाही. लाइनिंगमध्ये तंतू, राळ आणि धातूची भेसळ असते, त्यामुळे हा नियम तिथे अगदी काटेकोर चालत नाही. पण गॅरेजपुरता पुरेसा खरा आहे. म्हणून सहा ठोकळ्यांची प्लेट जास्त पकडते: तिचा घर्षणांक मोठा असतो आणि तापल्यावरही टिकतो.

क्षेत्रफळ आपला हिशेब दुसरीकडे चुकता करतं. जॉन आर्चर्ड यांच्या १९५३ च्या नियमानुसार झिजून गेलेलं आकारमान दाब आणि घसरलेलं अंतर यांच्या प्रमाणात असतं. तेवढंच आकारमान कमी जागेतून जायचं, तर जाडी लवकर संपणार. थोडक्यात, त्रिज्या पकड देते, क्षेत्रफळ आयुष्य देतं.

आता ‘अचानक’चं कोडं. इथे मला एका पत्र्याच्या ताटलीबद्दल बोलायचंय, आणि जरा रेंगाळून, कारण क्लचच्या जाहिरातीत केव्हलार असतं, कार्बन असतं, ही बिचारी कधीच नसते. प्रेशर प्लेटला दाबून धरते ती डायफ्राम स्प्रिंग, म्हणजे किंचित खोलगट पोलादी चकती. तिची मूळ कल्पना ज्यूलियां बेलव्हिल या फ्रेंच माणसाने १८६७ मध्ये पेटंट केली. पण ती नेमकी वागते कशी, याचं गणित १९३६ मध्ये जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या आल्मेन आणि लास्लो यांनी मांडलं. जॅमच्या बाटलीचं झाकण अंगठ्याने दाबून पाहा: आधी विरोध वाढतो, मग एका क्षणी झाकण ‘टक’ करून हार मानतं. आल्मेन-लास्लोंचा आलेखही असाच आहे. बल चढतं, शिखर गाठतं, उतरतं, आणि पुढे पुन्हा चढतं.

नव्या क्लचमध्ये ही स्प्रिंग शिखराच्या पलीकडच्या उतारावर बसवलेली असते. लाइनिंग झिजतं तशी ती थोडी थोडी मागे सरकते, म्हणजे शिखराच्या दिशेने वर चढते. परिणाम असा, की प्लेट पातळ होत असताना दाब वाढतो! साध्या गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये दाब पहिल्या दिवसापासून घटत गेला असता. इथे झीज स्वतःच झिजेची भरपाई करते. पेडल जड झालं ते म्हणूनच. वाचकाला ती तब्येतीची खूण वाटली. ती म्हातारपणाची होती. शिखर ओलांडलं की पुढे फक्त उतार. त्यात एकदा प्लेट घसरली की ती तापते, तापली की घर्षणांक पडतो, पडला की आणखी घसरते. वर्षभराची झीज एका दुपारी उघडी पडते.

रीमॅपिंगने ती दुपार अलीकडे ओढली. सोयीचे आकडे धरू: घर्षणांक ०.३५, बल ४००० न्यूटन, सरासरी त्रिज्या ८.५ सेंटिमीटर. गुणाकार येतो २३८ न्यूटन-मीटर. मूळ इंजिन १७५ चं असेल तर अंगावर भरपूर माया आहे. रीमॅपनंतर ते २२० झालं, तर माया उरते जेमतेम. गरम प्लेटचा घर्षणांक ०.३० वर आला की क्षमता २०४, आणि काटा सरकन वर. हे चौथ्या-पाचव्या गिअरमध्येच आधी दिसतं, कारण खालच्या गिअरमध्ये टर्बो पूर्ण भरात येईपर्यंत गिअर बदलायची वेळ होते.

उष्णतेचं एक गणित क्लच हळू सोडणाऱ्यांना आवडणार नाही. सपाट रस्त्यावर इंजिनाचा वेग कायम ठेवून गाडी उचलली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते जवळपास तेवढीच उष्णता क्लचमध्ये जाते. सोडा हळू किंवा झटकन. खरा फरक पडतो तो आरपीएमने. १२५० किलोची गाडी, पहिल्या गिअरमध्ये २००० आरपीएमला ताशी १५ किलोमीटर: सुमारे ११ किलोज्यूल. तीच गाडी ५००० ला ‘लाँच’ केली, तर सुमारे ६८. यातली निम्मी ऊर्जा प्रेशर प्लेटच्या ओतीव कडीत शिरते. ती ३ किलोची धरली, तर एका लाँचला सरासरी वीस-बावीस अंश, आणि घासणारा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. लागोपाठ दहा लाँच केल्यावर कुठल्या कंपनीची प्लेट चांगली, हा प्रश्न उरत नाही.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. गिअरबॉक्स उतरवायलाच बहुतेक मजुरी जाते, तेव्हा नुसती प्लेट बदलून पैसे वाचवू नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. फ्लायव्हील समोर धरून पाहा. निळसर झाक दिसली तर तो ऑक्साइडचा पातळ थर आहे. पोलाद तीनेकशे अंशांपर्यंत तापल्याची ती साक्ष. काळे, कडक ठिपके त्याहून वाईट. तिथल्या धातूची जातच बदललेली असते आणि नवी प्लेट त्यावर थरथरत बसते. फ्लायव्हील ड्युअल मास असेल तर लेथवर चढवायच्या आधी निर्मात्याच्या सूचना बघा. नवी प्लेट बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर संयम ठेवा. तिची शिखरं अजून समोरच्या शिखरांशी जुळायची असतात.

आणि स्टेज थ्री? या स्टेजना सर्वमान्य मानक नाही. एकाची दोन ती दुसऱ्याची तीन. सिरॅमिक ठोकळे ट्रॅकवर शोभतात. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत ते हिसके देतील आणि फ्लायव्हील खातील. या वाचकांनी साधं ऑरगॅनिक लाइनिंग आणि थोडी जास्त बलाची प्रेशर प्लेट घ्यावी, पेडल जड होईल हे गृहीत धरून. दुकानात स्टेज विचारू नका, किती न्यूटन-मीटर पेलते ते विचारा. आकडा सांगता आला नाही, तर पुढचं दुकान गाठा.