पुस्तकातले पुरण आणि आपल्या बेटावरची डाळ

मराठी घरांत पुस्तके थोडी, असे आपल्याविषयी नेहमी म्हटले जाते आणि मॉरिशसपुरते ते बरेचसे खरे आहे. आरत्यांचे पुस्तक असते, एखादी पोथी असते, मुलांची शाळेतली पाठ्यपुस्तके असतात. पण ज्या घरात दुसरे कोणतेही मराठी पुस्तक महिनोन्‌महिने उघडले जात नाही, त्या घरातही एक पुस्तक वारंवार हाताळले जाते, असे आमच्या ध्यानात आले आहे. त्याच्या पानांना तेलाचे डाग असतात, पुठ्ठा सुटलेला असतो, आणि ते कपाटात नसून मिठाच्या बरणीशेजारी सापडते. हे पुस्तक म्हणजे भारतात जाऊन आलेल्या कोणा नातेवाइकाने आणलेले पाककृतींचे पुस्तक होय.

आमच्या भागातील दहा-बारा भगिनी महिन्यातून एका शनिवारी दुपारी आळीपाळीने एकमेकींच्या घरी जमतात. रीत अगदी साधी आहे. पुस्तकातील एक पाककृती महिनाभर आधी ठरवायची, प्रत्येकीने ती आपापल्या घरी करून पाहायची आणि डब्यात घालून आणायची. पुस्तक एक, पाककृती एक, आणि बारा डबे उघडले की बारा चवी! मग चर्चेला तोंड फुटते. आम्ही शिक्षकी पेशातले असल्यामुळे पाककृती मोठ्याने वाचून अर्थ सांगण्याचे काम आपोआप आमच्याकडे आले आहे. त्या बैठकांतून जे शिकायला मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

मराठीत पाकशास्त्राची छापील पुस्तके आजकालची नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ आले. परंतु आमच्या बैठकीतील भगिनींचा सर्वांत अधिक विश्वास कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’वर आहे. १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने साहित्याचे प्रमाण घरातल्या वाटीने आणि चमच्याने सांगितले. ज्या सुनेला शिकवायला सासू जवळ नाही, तिलाही एकटीने स्वयंपाक करता यावा, अशी ती सोय होती. सातासमुद्रापलीकडच्या आपल्यासारख्यांना तर ती सोय दुप्पट मोलाची.

पहिल्याच बैठकीत प्रश्न निघाला: वाटी कोणती? एकीची वाटी चहाच्या कपाएवढी, तर दुसरीची मुलांना खीर देण्याची इवलीशी. अर्धा तास वाद झाल्यावर उलगडा झाला की, वाटी कोणतीही चालते, मात्र सगळे जिन्नस त्याच वाटीने मोजले पाहिजेत. वाटीचे माप हे वजन नसून प्रमाण आहे. एकास एक म्हटले की एकास एक, मग वाटी आजीची असो की नातीची. वर्गात गुणोत्तराचा धडा शिकवताना आम्हांला इतके चांगले उदाहरण कधी सुचले नव्हते.

खरी परीक्षा झाली ती पुरणपोळीच्या महिन्यात. आपल्या बेटावर ‘धोल पुरी’ कोणाला येत नाही? हरभऱ्याची डाळ शिजवायची, वाटायची, कणकेत किंवा मैद्यात भरून पातळ लाटायची आणि तव्यावर भाजायची. म्हणजे धोल पुरी ही पुरणपोळीची बिनगुळाची बहीणच. त्यामुळे पुरणपोळी आपल्याला सहज जमेल असे सर्वांनाच वाटले, आणि नेमके तिथेच अडले. बारांपैकी सात डब्यांतल्या पोळ्या फाटलेल्या होत्या!

पोळ्या फाटण्याचे कारण धोल पुरीच्या सवयीतच आहे. धोल पुरीला डाळ बोटाने दाबली तर मोडेल, पण आकार सोडणार नाही, इतकीच शिजवतात. वाटल्यावर तिचा कोरडा, मऊ भुगा व्हायला हवा, तरच तो पुरीत सगळीकडे सारखा पसरतो. पुरणाला मात्र डाळ अगदी मेणासारखी शिजावी लागते, कारण एकदा गूळ पडला की डाळ पुढे मऊ होत नाही. कच्ची राहिलेली कणी तशीच कणी राहते आणि लाटताना पोळीला भोक पाडते. म्हणून डाळ पूर्ण शिजवून, चाळणीत निथळून, मगच गूळ घालावा, आणि आटवताना उलथने पुरणात आधाराशिवाय उभे राहिले की पुरण झाले असे समजावे. निथळलेले पाणी ओतून देऊ नये, त्याची कटाची आमटी होते. धोल पुरीवाल्या आपल्या भगिनी हेच पाणी कणीक मळायला वापरतात. सासरची रीत वेगळी, माहेरची वेगळी, पण दोन्हीकडे काटकसर तीच.

गुळाचाही पेच होता. ज्या उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी १८३४ पासून करारबद्ध मजुरांची जहाजे या बेटाला लागली, आणि ज्यांतून आपले कोकणातले पूर्वज उतरले, त्याच बेटावर पुरणासाठी गूळ शोधत फिरावे लागते! येथे उसाची साखर झाली, गुळाची गुऱ्हाळे झाली नाहीत. एका काकींनी यावर उपाय काढला. त्यांनी काळपट, ओलसर, मळीचा वास असलेली जाडी साखर घातली. ती गुळापेक्षा जास्त गोड म्हणून वाटीला पाऊण वाटीच घेतली, आणि पुरण थोडे अधिक वेळ आटवले. त्या डब्यातल्या पोळीला रंग आला, खमंगपणा आला, आणि डबा सर्वांत आधी रिकामा झाला.

असेच उकडीच्या मोदकांचे. येथे मिळणाऱ्या बासमतीच्या पिठाची उकड लवकर कोरडी पडते, पाकळ्या करताना चिरते. कोकणात त्यासाठी चिकटपणा असलेला नवा, वासाचा तांदूळ घेतात. आमच्या एका वहिनींनी चिनी दुकानातून चिकट तांदळाचे पीठ आणले, ज्याचा चिनी नववर्षाला ‘गातो लासिर’ करतात तेच, आणि वाटीभर पिठात ते दोन चमचे मिसळले. उकड गरम असतानाच तेलापाण्याचा हात लावून मळली. कळ्या न चिरता उठल्या! गणेश चतुर्थीला आपल्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्या दिवशीच्या नैवेद्याच्या मोदकात शेजारच्या चिनी दुकानाचे दोन चमचे पीठ असावे, यात आम्हांला तरी वावगे काही दिसत नाही.

पण याच मोदकांवरून जो प्रसंग घडला, तो आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी एका भगिनीने आपल्या वृद्ध सासूबाईंनाही सोबत आणले होते. आजींनी आणलेले मोदक गव्हाच्या पिठाचे आणि तळलेले होते, आत खोबरे आणि साखर. एक तरुण सून पुस्तकावर बोट ठेवून म्हणाली, “आजी, पुस्तकात असे नाही. खरे मोदक उकडीचे.”

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आपल्या क्रेओलमिश्रित मराठीत म्हणाल्या, “बाळ, पुस्तक लिहिणारी बाई माझ्या चुलीजवळ आली नव्हती. उकडीचे दुसऱ्या दिवशी कडक होतात. माझ्या सासूला सगळ्या कांपात वाटायला मोदक लागायचे, आणि ते चार दिवस टिकायला लागायचे.”

क्षणभर कोणीच काही बोलले नाही. वस्तुतः तळणीचे मोदक महाराष्ट्रातही देशावर घरोघर होतात, तेव्हा सुनेचे म्हणणे तसेही टिकणारे नव्हतेच. पण खरा मुद्दा त्याहून मोठा आहे. छापलेल्या शब्दाला आपण फार मान देतो. शिक्षक म्हणून आम्ही तो मान मुलांना शिकवतो देखील. परंतु छापील पाककृती हातात आली म्हणून घरातली न छापलेली पाककृती खोटी ठरू लागली, तर पुस्तकाने जितके दिले त्याहून अधिक नेले असे म्हणावे लागेल. पुण्या-मुंबईचा स्वयंपाक त्या पुस्तकांत सुरक्षित आहे. वाकोआ, कास्काव्हेल किंवा कात्र बोर्न येथील मराठी घरांत चार-पाच पिढ्या जे शिजत आले, ते कोणत्या पुस्तकात आहे?

याची जाणीव आणखी एका गोष्टीने झाली. बैठकीतील एका भगिनीच्या आईच्या हातचा मासळीचा मसाला साऱ्या गल्लीत प्रसिद्ध होता. ‘रोस कारी’वर, म्हणजे आपल्या पाट्या-वरवंट्यावर, तो वाटला जाई. आई गेली. मुलीला चव जिभेवर आठवते, वास आठवतो, पण धने किती आणि मिरच्या किती, हे तिला सांगता येत नाही. आई म्हणायची, “मूठभर.” आता ती मूठ नाही. पुस्तकातला मसाला आमच्या या भगिनीने तीनदा करून पाहिला. तिन्ही वेळा तो चांगलाच झाला, पण घरात कोणी म्हटले नाही की हा आजीचा.

पुस्तकाचे उपकार मात्र विसरता येत नाहीत, आणि ते केवळ स्वयंपाकापुरते नाहीत. पाककृतीची भाषा पाहा: डाळ धुऊन, भिजवून, निथळून, वाटून घ्यावी. एका ओळीत चार क्रिया, क्रमाने, आणि शेवटी विध्यर्थ. व्याकरणाच्या तासाला जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते येथे भुकेपोटी उतरते. एका पंधरा वर्षांच्या मुलीने विचारले, “निथळून म्हणजे काय?” आईने उत्तर दिले नाही, चाळणी उचलून दाखवली. तो शब्द ती मुलगी जन्मभर विसरणार नाही. ‘दोडका’ शब्द आला तेव्हा कोणालाच कळेना. आम्ही कागदावर शिरांसकट चित्र काढले, तेव्हा सगळ्या एका सुरात ओरडल्या, “पिपांगाय!” भेंडी म्हणजे लालो, कारले म्हणजे मार्गोझ, अळू म्हणजे ब्रेद सोंज, हे जोडून पाहताना ज्या वस्तू आपण रोज खातो त्यांना त्यांची मराठी नावे परत मिळतात.

काही ठिकाणी मात्र पुस्तकाला आपल्या बेटाचे हवामान समजावून सांगावे लागते. पुस्तकातली संक्रांत थंडीची असते, तर आपली जानेवारीतली, ऐन उन्हाळ्याची आणि वादळांच्या दिवसांतली. दमट हवेत तिळगुळाच्या वड्या चिकट होतात. म्हणून पाक जरा पुढे न्यावा, वड्या पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्या. पुस्तकात आमसूल सांगितले असेल आणि ते मिळाले नाही, तर आमटीला चिंच, आणि मासळीला परसातल्या झाडाची बिलिंबी घालावी. अळू खाजरे निघाले तर चिंच हात राखून घालू नये.

या सर्व चर्चेतून आमच्या बैठकीने एक ठराव केला आहे. एक जाड वही घेतली आहे. प्रत्येक पदार्थाला समोरासमोरची दोन पाने. डाव्या पानावर पुस्तकातली पाककृती आपल्या घरी करताना काय बदलावे लागले, त्याची टिपणे. उजव्या पानावर तोच पदार्थ आपल्या घरातली आजी किंवा काकी कसा करते, ते. सगळे देवनागरीत. क्रेओल शब्द आला तर तोही देवनागरीतच, जसा उच्चारला तसा. पहिल्या उजव्या पानावर त्या आजींचे तळणीचे मोदक आहेत, आणि ते पान लिहून काढले ते त्याच तरुण सुनेने.

“मूठभर”चे माप काढण्याची युक्तीही सापडली आहे. म्हाताऱ्या माणसाला प्रमाण विचारू नये, ते सांगता येत नाही. ती स्वयंपाक करीत असताना शेजारी बसावे. तिने मूठ भरली की ती पातेल्यात पडण्याआधी खाली वाटी धरावी, मोजावे, लिहावे आणि मग वाटी पातेल्यात उलटी करावी. प्रथम ती रागावते, दुसऱ्या मुठीला हसते, आणि तिसऱ्या मुठीपासून स्वतःच वाटी मागते.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी वृद्ध माउली अजून चुलीपाशी उभी आहे. येत्या रविवारी तिच्याजवळ एक वाटी आणि एक पेन्सिल घेऊन बसावे, आणि एक, फक्त एकच, पदार्थ लिहून काढावा. लिहिता लिहिता मराठी शब्द अडला तर तिलाच विचारावा. तिलाही आठवला नाही, तर या पानाकडे लिहून पाठवावा. आम्ही तो बैठकीत वाचू आणि सगळ्या मिळून शोधू.